खत टाकलं का?

आई गेल्यावर झाशीत माझ्याशी मराठी बोलणारं कुणी उरलं नाही. घर लक्ष्मी गेटच्या आत, खाली दुकानं आणि वर आम्ही. म्हणजे आता मी. भाऊ इंदूरला असतो. मी मराठीत विचारते आणि तो हिंदीत उत्तर देतो, हा आमचा फोनवरचा वर्षानुवर्षांचा करार आहे. त्याच्या मुलांना मराठी समजते असं तो म्हणतो. समजत असेल. गावात आमच्यासारखी आणखीही मराठी घरं आहेत. गणपतीत सगळे जमतात, आरत्या मराठीत होतात, आणि प्रसादाची ताटली हातात आली की "भाभीजी, थोड़ा और लीजिए ना" सुरू होतं. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण माझाही सगळा दिवस हिंदीतच जायचा. फरक एवढाच की संध्याकाळी दार लावल्यावर त्यांच्या घरात माणसं असायची. माझ्या घरात दूध उतू गेलं तर मी मोठ्याने "अगं बाई!" म्हणायची आणि मग ते कुणाला म्हटलं असं वाटून उगीच ओशाळायची.

नोकरी कंत्राटी होती. सरकारने रसायनांशिवाय शेती करणाऱ्यांसाठी एक योजना आणली होती, आणि त्या योजनेत टहरौलीच्या बाजूच्या गावांमध्ये शेतकरी बायकांचे गट बांधायचं काम माझ्याकडे आलं. शिक्षण वनस्पतिशास्त्राचं, अनुभव खासगी शाळेतल्या मास्तरकीचा, आणि वय असं की कुणी लग्नाचं विचारत नव्हतं आणि म्हातारी म्हणून बसायला जागाही देत नव्हतं. झाशीहून सकाळची बस, दुपारभर शेतं, संध्याकाळची बस. मला ते आवडायचं. बसमध्ये गप्प बसलेल्या माणसाला कुणी एकटं म्हणत नाही.

योजनेचा कायदा मला अजून तोंडपाठ आहे. तीन वर्षं शेतात युरिया नाही, डीएपी नाही, फवारणी नाही. शेणखत, जीवामृत, कडुनिंबाचा अर्क, एवढंच. पण यात मोठी गंमत तपासणीची होती. बाहेरचा महागडा निरीक्षक गरिबांना परवडत नाही, म्हणून गटातल्या बायकांनीच एकमेकींच्या शेतावर नजर ठेवायची. हंगामातून एकदा सगळ्यांनी मिळून एकेकीच्या शेतात जायचं, मातीत हात घालायचा, आणि तिला सगळ्यांसमोर, सगळ्यांना कळेल अशा तऱ्हेने विचारायचं की काय टाकलं, कुठून आणलं. सगळ्यांची खात्री पटली की रजिस्टरवर अंगठे. अशी तीन वर्षं निभावली की प्रमाणपत्र. विश्वासावर चालणारा कायदा मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला त्याचं फार कौतुक वाटायचं. बाकी ज्या खात्याच्या गोदामातून युरियाच्या गोण्या सवलतीत सुटत, त्याच खात्याने त्या घेऊ नका म्हणून सांगायला मला ठेवलं होतं. सुनेला उपास सांगायचा आणि तिच्यासमोर पुरणपोळ्या लाटायच्या, तसला हा प्रकार होता. पण सरकारशी भांडायला माझं कंत्राट पुरेसं लांब नव्हतं.

दोन भाषांच्या मध्ये राहणाऱ्या माणसाची फजिती मला लहानपणापासून ठाऊक होती. आमच्या वडिलांना घरात आम्ही अण्णा म्हणायचो. बुंदेलखंडात अन्ना म्हणजे मोकाट सोडलेली गुरं. भाकड झाली की दाव्यातून सोडून देतात आणि ती दुसऱ्यांची शेतं चरत हिंडतात. भर बाजारात "अण्णा, थांबा ना!" म्हणून मी ओरडले की भाजीवाल्या आधी टोपल्या झाकायच्या आणि मग हसायच्या. वडीलही हसायचे. अशा गोष्टी घरी सांगायला आणि हसायला असतात, असंच मला तोवर वाटत होतं.

ती मला पहिल्याच बैठकीत भेटली. शाळेच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या, मी हिंदीत नियम सांगत होते, आणि चहाचे पेले फिरत होते. मागच्या रांगेतून आवाज आला, "अवो माय, पोळलं!"

मी वाक्य अर्ध्यात सोडलं. "कोण म्हणालं ते?" मी विचारलं, आणि मराठीत विचारलं हे मला नंतर कळलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मागे एक सावळी, किडकिडीत बाई भाजलेली बोटं पदरात धरून माझ्याकडे बघत होती. डोक्यावरचा पदर घसरला होता आणि तो सावरायचं तिला सुचत नव्हतं.

"तुमी मराठी हाये?" ती म्हणाली.

एवढंच. मला रडू आलं असतं, पण समोर रजिस्टर उघडं होतं आणि हातात पेन होतं. मी म्हटलं, "हो, मी झाशीची मराठी." ती म्हणाली, "झाशीत बी मराठी रायते?" आणि शेजारची बाई मोठ्याने म्हणाली, "जा का बतया रईं तुम ओरें?" हे काय बोलताय तुम्ही? मग मी पुन्हा हिंदीत पुढचा नियम सांगितला.

तिची गोष्ट हळूहळू कळली. तिचं गाव यवतमाळच्या बाजूचं. आईबापांबरोबर ती नागपूरला इमारतींच्या कामावर गेली होती, तिथे इकडचा एक गवंडी भेटला, आणि लग्न होऊन ती इथे आली. या भागात सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. गरोठावारी, मऊवारी, समथरवारी. हिचं गाव कुणाला उच्चारता येईना. गाडीत ती नागपूरला बसली होती, म्हणून ती नागपुरवारी झाली. सासूची नागपुरवारी, दिराची नागपुरवारी, शिधापत्रिकेच्या दुकानातही नागपुरवारी. नवरा आता सुरतेला कामाला होता, सणाला येई. शेती हीच बघत होती. मूग, तीळ, उडीद, हिवाळ्यात मटार आणि गहू. घरातला फोन सासूच्या कमरेला असायचा. माहेरचा फोन कधी आला तर तो सगळ्या अंगणात ऐकू जाई आणि लवकर संपे.

जमीन सासऱ्याच्या नावावर होती. पण योजनेत एक कलम असं होतं की शेत जो कसतो त्याचं नाव गटात लिहायचं, जमीन कुणाच्याही नावावर असो. हे कलम कुणी तरी शहाण्या माणसाने घातलं असणार आणि बहुतेक ठिकाणी ते कुणी वापरत नव्हतं. मी वापरलं. मी तिला तिचं नाव विचारलं.

"कोनाचं? यायचं?" म्हणजे नवऱ्याचं.

"तुझं."

"माहं लिवता?" ती म्हणाली, आणि तिने मला ते दोनदा लिहायला लावलं, कारण पहिल्यांदा मी हिंदी पद्धतीने लिहिलं होतं आणि तिला तिचं नाव शाळेत लिहायचे तसं हवं होतं. मग तिने बोटाने त्याच्यावरून फिरवून बघितलं. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिला विचारलेलं नाही. पण इतक्या वर्षांत त्या गावात तिचं नाव पहिल्यांदा कुठे लिहिलं गेलं असेल तर ते तिथे, आणि त्या नावाचं प्रमाणपत्र मिळावं एवढीच तिची इच्छा होती. मला तिने ते स्पष्टच सांगितलं. "भाव भेटो न भेटो ताई, पन कागदावर नाव पायजे. पोरायले दाखवीन. तुमची माय नागपुरवारी नाई, हे अशी अशी हाये."

मग आमची बोलणी सुरू झाली. दोन एकट्या बाया भेटल्या म्हणजे मनातलं बोलत असतील असं कुणालाही वाटेल. आम्ही खतावर बोलायचो. सगळ्या बायका बांधावर उभ्या असायच्या, काम चालू असायचं, सासू खाटेवर बसून बघत असायची. तिथे मनातलं कोण बोलणार? पण खतावर बोलायला बंदी नव्हती, उलट त्यासाठीच मला पगार होता. खत टाकलं का? खत कुजलं का? उन्हात वाळतंय, पळसाची पानं घालून झाकून ठेव. मग ती सांगायची, "माह्ये बाबा गाडी भरू भरू खत आनत. उन्हाळभर तेच काम." मी विचारायचे, कुठून आणत? ती सांगायची, "गावखरीतून, लोकायच्या उकिरड्यावरून. पहाटीच निंगत." आणि शेणखताच्या त्या बैलगाडीमागून तिचं अख्खं माहेर यायचं. तिची आई, तिचा धाकटा भाऊ, कापसाचं वावर, घरामागची विहीर. ती खताचंच सांगत असायची आणि मी बाकीचं ऐकत असायचे.

आम्ही एकमेकींच्या मराठीची टिंगलही करायचो. तिचं "करून रायली, येऊन रायली" मला फार मजेचं वाटायचं. ती म्हणायची, "तुमी तं पोथीतलं बोलता ताई. अन् मदातच हिंदी घुसते." ते खरं होतं. आमच्या घरात फडताळ आणि तसराळं हे शब्द अजून होते, पण भाजीला मी सब्जी म्हणायची आणि "चाय पिऊन आले" असं सरळ म्हणायची. ती ते पुन्हा पुन्हा म्हणून दाखवायची आणि पदर तोंडावर घेऊन हसायची. मी त्यावर रागावायचं सोंग करायची. सोंग करायला समोर कुणी तरी लागतं, आणि मला ते किती दिवसांनी मिळालं होतं!

टहरौलीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी तिच्यासाठी वाक्यं जुळवत असे. हे तिला असं सांगायचं, हा शब्द तिच्याकडे आहे का विचारायचं. बस छावणीतल्या शांत रस्त्यावरून निघायची तोवर माझं तीनचार वाक्यांचं सामान तयार असायचं. इतर गावांत माझी कामं भराभर होत आणि या गावात रेंगाळत. मला ती हवी होती. योजना, माती, गांडुळं, सगळ्याच्या आधी मला ती हवी होती, आणि ती दिसली नाही की परतीचा रस्ता फार लांब वाटायचा.

तिसऱ्या वर्षाचा जेठ महिना होता. पावसाआधीची शेवटची तपासणी राहिली होती; ती झाली की कागद पुढे जाणार आणि प्रमाणपत्रं येणार. मी गावात उतरले तर ओट्यावर बायका नेहमीसारख्या जमल्या होत्या, पण कुणी "राम राम मैडम" म्हटलं नाही. ती नव्हती. तिची सासू मात्र पुढे बसली होती. ती गटात नव्हती, तरी पुढे बसली होती.

"मैडम," सासू म्हणाली, "तुम हमाई बहू खों कौन के ख़त ल्याउतीं?"

मला काही समजेना. "कसलं खत?" मी हिंदीत विचारलं.

"हम बहरे नइयाँ," ती म्हणाली. "तीन साल सें सुन रये. जब आउतीं, तब ख़त. ख़त टाको, ख़त ढाँको. बाबा, गाड़ी, ख़त. फिर बाबा, गाड़ी. काय, बाप गाड़ी लैकें आ रओ का?"

डोक्यात प्रकाश पडायला एक क्षण लागला. हिंदीत ख़त म्हणजे पत्र. आम्ही तीन वर्षं शेणाचं बोलत होतो आणि त्या बांधावर उभ्या असलेल्या सगळ्या बायका असं समजत होत्या की मी झाशीहून नागपुरवारीला चोरून चिठ्ठ्या आणते, ती त्या लपवून ठेवते, आणि एक दिवस तिचा बाप गाडी घेऊन येणार आहे. फोन सासूच्या कमरेला. मग बाहेरच्या सुनेने निरोप धाडायचा तो कागदावरच, हेही त्यांच्या हिशेबात बरोबर बसत होतं.

मी हसले. खरं तर खोखो हसले, आणि तिथेच बिघडलं. मी समजावून सांगितलं की हिंदीतल्या खादेला आमच्यात खत म्हणतात. खड्ड्याकडे बोट दाखवलं, हे बघा, हे खत. दोन तरण्या बायकांना हसू आवरेना. एक तर म्हणाली, "हाय राम, गोबर की चिट्ठी!" पण सासू हसली नाही. तिच्या तोंडावर मला राग दिसेल असं वाटलं होतं. तिथे भीती होती. शेजारच्या वाड्यातली एक लांबून आणलेली सून एका सकाळी कुणाला न सांगता निघून गेली होती आणि मागे दोन लेकरं राहिली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. "बाहर की बहुएँ चली जात हैं," सासू म्हणाली. "हम जा बूढ़े हाड़ लैकें मोड़ी-मोड़ा कैसें पालहैं?" नातवंडांची काळजी होती तिला.

आणि मग गटाची प्रमुख बोलली. माझ्या सगळ्या वर्गांना ती पहिल्या रांगेत बसायची आणि नियम तिला माझ्याइतकेच पाठ होते. ती शांतपणे म्हणाली, "मैडम, खाद हुइयै, हम मानत. पै तुमईं ने सिखाओ तो कै पूछताछ सबके सामने हो और सबकी समझ में आबे. नागपुरवारी की पूछताछ तीन साल में कौन की समझ में आई?"

तिचं बरोबर होतं. याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. तिने काही आकसाने विचारलं नव्हतं. तिने नियम विचारला होता, आणि नियम चांगला होता. एखादीने आपल्या बोलीत सरकारी बाईशी काहीतरी गुलूगुलू बोलायचं आणि बाकीच्यांनी न समजता अंगठे उठवायचे, हे त्या कायद्यात बसतच नव्हतं. हा आक्षेप वर गेला असता तर तिची तीन वर्षं पुसली गेली असती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. सासूने लगेच तोडगाही काढला. हिच्या जागी मुलाचं नाव लावून टाका, तो सुरतेहून आला की नव्याने तपासा, झगडा ख़तम.

"नाव बदलणार नाही," मी म्हटलं. मी फार मोठ्याने म्हटलं असावं, कारण खालची कुत्री उठली.

तिला बोलावून आणलं. ती डोक्यावरून पदर पार कपाळापर्यंत ओढून आली आणि उभीच राहिली. मी तिच्याकडे वळून म्हटलं, "घाबरू नकोस. मी वर जाऊन भांडते. मी त्यांना सांगते की..."

"मैडम," ती म्हणाली. ताई म्हणाली नाही. "हमसें हिन्दी में पूछो. सबके सामने पूछो."

तिच्या तोंडून मी बुंदेली कधी ऐकली नव्हती. ती इतकी सफाईदार होती की मला धक्काच बसला. अर्थात ती घरात दिवसभर तेच बोलत असणार. मराठी तर तिच्यासाठी माझ्या फेरीपुरतीच होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती प्रमुखाकडे बघत होती.

सगळ्या तिच्या शेतात गेलो. ऊन तापलं होतं. मी विचारलं, "खाद कौन-सी डाली?"

"गोबर की."

"कहाँ से लाई?"

"अपने घूरे की. दो ट्रॉली अपनी जिठानी की."

"बाज़ार से कुछ लिया?"

"नईं. कछू नईं."

घरच्या उकिरड्यावरचं, दोन ट्रॉल्या मोठ्या जावेच्या, बाजारचं काही नाही; प्रत्येक उत्तराला बायका माना डोलवत होत्या. त्यांना शेताबद्दल कधीच शंका नव्हती. तिचं शेत सगळ्यांत नीट राखलेलं होतं हे त्यांनी तीन वर्षं डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांना आमच्या बोलण्याची शंका होती. ती आता फिटली. अंगठे उठले. मग प्रमुखाने सांगितलं की ठराव लिहून टाकू, म्हणजे पुढे कुणी बोट दाखवायला नको. मी ओट्यावर बसून माझ्या हाताने लिहिलं की गटाच्या बैठकीत आणि तपासणीत फक्त सगळ्यांना समजेल तीच भाषा बोलली जाईल. लिहून वाचून दाखवलं. सगळ्यांनी हो म्हटलं, तिनेही. सासू म्हणाली की तपासणीबाहेर तरी दुसरी बोली कशाला लागते? ते ठरावात नव्हतं, पण तेही ठरलं.

निघताना मी तिच्याकडे बघत राहिले. तिने एकदा तरी बघावं असं वाटत होतं. ती वाकून शेतातल्या काड्या गोळा करत होती.

प्रमाणपत्रं झाशीला एका सरकारी सभागृहात वाटली. गावातून ट्रॅक्टर भरून बायका आल्या होत्या, नव्या साड्या नेसून. साहेब प्रमाणपत्र देत होते आणि मी नावं पुकारत होते. तिचं नाव मी पुकारलं, तिला हवं तसंच, मराठी उच्चारात. कुणी उठलं नाही. गावच्या बायका इकडेतिकडे बघायला लागल्या. "जा कौन आय?" ही कोण, असं कुणीतरी विचारलं. तीन वर्षं एकत्र अंगठे लावूनही त्यांना ते नाव माहीत नव्हतं. मग ती उठली, आणि सगळ्या रांगेच्या तोंडांवर काहीतरी बदललं. ती मंचावर आली, कागद दोन्ही हातांनी घेतला, आणि त्यावरचं नाव आधी वाचून बघितलं. माझ्याजवळून जाताना मी हळूच म्हटलं, "छान झालं गं." ती क्षणभर थबकली. मग म्हणाली, "नमस्ते, मैडम जी." खाली सासू बसली होती, तिने टाळ्या वाजवल्या.

त्या रात्रीचं जेवण मी केलंच नाही. हरलो म्हणावं तर आम्ही जिंकलो होतो. जे मिळवायचं होतं ते तिला मिळालं होतं, माझ्या हातून मिळालं होतं, आणि मला त्याचा आनंद होता. पण आनंद सांगायला घरात कुणी नव्हतं, आणि ज्या एकीला सांगावासा वाटत होता तिच्याशी बोलायची भाषा मी स्वतःच लिहून बंद केली होती.

पुढे योजनेचं नाव बदललं, रूपही बदललं, आणि माझं कंत्राट संपलं. मी घरी बसले. मुलांच्या शिकवण्या घेते, हिंदीत. बऱ्याच हिवाळ्यांनंतर एकदा काही काम नसताना मी टहरौलीची बस धरली. कशासाठी ते स्वतःलाही सांगितलं नाही. तिकीट मात्र जाताना काढलं ते परतीच्या बसची वेळ विचारून काढलं.

मटारात ती एकटीच होती. अन्ना गुरं येऊ नयेत म्हणून काठी घेऊन बांधावर बसली होती. केस पांढरे व्हायला लागले होते. मला बघून ती लगबगीने उठली, माझ्या पायाला हात लावला, मला बांधावर आपला पदर अंथरून बसवलं. सासू घरी अंथरुणाला खिळली आहे, म्हणाली. मोठा मुलगा कॉलेजात जातो. प्रमाणपत्र देवघराशेजारी टांगलंय, प्लास्टिक घालून. त्यानंतर दरवर्षी नवीन करून घेतलंय, एकही चुकवलं नाही. हे सगळं ती हिंदीत सांगत होती.

तेवढ्यात वाटेने सायकलवरून एक माणूस गेला आणि त्याने तिला हाक मारली, काहीतरी पंपाचं विचारलं. त्याने तिला तिच्या नावाने हाक मारली. जरा वाकडातिकडा उच्चार होता, पण नाव तेच होतं. तिने सहज उत्तर दिलं. मला इतकं बरं वाटलं की मी तिचा हात धरला.

तो लांब गेला. आजूबाजूला कुणी नव्हतं, पार नाल्यापर्यंत नुसता मटार. मी म्हटलं, "अगं, आता कुणी नाही इथे. बोल ना."

तिने नाल्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. मग खरोखरच विचार केला. तिचे ओठ हलले, ती काहीतरी शोधत होती हे मला दिसत होतं. मग ती हसली आणि मान हलवली.

"अब नईं निकरत, मैडम," ती म्हणाली. "बाबा नईं रये. फिर कौन सें बोलते?"

विसरली होती की इतक्या वर्षांच्या धाकाने जिभेला कुलूप बसलं होतं, मला सांगता येणार नाही. तिलाही सांगता आलं नसतं. तिने माझ्या पिशवीत मटाराच्या शेंगा भरल्या, आणखी भरल्या, मी पुरे म्हटलं तरी भरल्या. मी उठले. गुडघे दुखत होते, तिने आधार दिला.

"येते हं," मी म्हटलं.

"जाओ, मैडम," ती म्हणाली, "बस निकर जैहै."

मी गेले.